जत्रेतलं दशावतारी नाटक कापायचंय: ३५ जीबीतून फक्त १२ मिनिटं

सुरंगी, शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक असतं. या वर्षी म्हटलं, नुसतं बघण्यापेक्षा रेकॉर्ड करू. घरात जुना हँडीकॅम पडून होता. तो देवळासमोर तिवईवर लावला, आडदशावतारात, म्हणजे नाटकाआधीच्या भागात, गणपती आला तेव्हा बटण दाबलं आणि पहाटे दहीकाल्याला बंद केलं. मध्ये दोनदा कुणाचा तरी पाय वायरीत अडकता अडकता राहिला, पण रेकॉर्डिंग अखंड आहे. जवळपास पाच तास.

माझे काका त्याच मंडळात मृदंगाला असतात. मालक म्हणाले, "शेवटचो युद्धाचो भाग तेवढो काढून दी गो." बारा मिनिटांचा भाग. मला वाटलं, जेवण होईपर्यंत होईल. आज चौथा दिवस आहे.

कार्डावर एमटीएस प्रकारच्या १८ फायली आहेत. प्रत्येक २ जीबीची, साधारण सतरा मिनिटांची. मिळून ३५ जीबी. दुर्दैव असं की युद्ध सोळाव्या फाइलच्या शेवटी सुरू होतं आणि सतराव्या फाइलमध्ये संपतं.

आतापर्यंतचे उद्योग: एका फुकट एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्ही टोकं अंदाजाने कापली आणि 'उच्च दर्जा' निवडून एक्स्पोर्ट केलं. दोन तास लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा फिरला. हाती आली २.३ जीबीची फाइल, म्हणजे दोन अख्ख्या मूळ फायली मिळून होतात त्याच्या निम्म्याहून जास्त! त्यात झांजवाल्याच्या हातांवर आडव्या रेघा दिसतात, आणि फायलींच्या सांध्यावर "टक्" असा आवाज येऊन ताल एक मात्रा गिळतो. काकांना तो टक् पहिल्या ऐकण्यात सापडला.

मग भाच्याने एफएफएमपेग नावाच्या, आज्ञा टंकून चालवायच्या फुकट साधनाची एक ओळ पाठवली. तिने एक्स्पोर्ट झालेल्या फाइलच्या सुरुवातीचं फालतू कापलं, तेही पाच सेकंदांत. पण आता पहिले सहा सेकंद नुसता आवाज येतो, चित्र काळं. भाचा म्हणतो, "मावशी, प्लेअर बदल."

काय चुकतंय?

तर्री, शनिवार, रात्री ११:५८

वाचनखूण साठवली आहे. बाकी प्लेअर बदल म्हणणारा भाचा प्रत्येक घरात असतो.

बिनकामाचा अभियंता, रविवार, सकाळी ७:१५

सुरंगीताई, भाचा निम्मा बरोबर आहे. पाच सेकंदांत काम झालं ते झालंच पाहिजे. दोन तास लागले तिथे चूक झाली.

व्हिडिओमध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. एक चौकट पूर्ण असते, तिला कीफ्रेम म्हणायचं. त्यानंतरच्या चौकटी म्हणजे नुसती टिपणं: "आधीच्यासारखंच, फक्त तलवार थोडी डावीकडे." काही टिपणं तर पुढच्या चौकटीचाही आधार घेतात. त्यामुळे पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र उलगडून परत न दाबता, नुसतं कापायचं असेल तर सुरुवात कीफ्रेमवरच करावी लागते. मधल्या टिपणावर कापलंत तर प्लेअरला कळतच नाही, "आधीच्यासारखंच" म्हणजे कशासारखं.

आता तुमचे सहा सेकंद. भाच्याने आज्ञा मूळ एमटीएसवर चालवली नाही, तुम्ही एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर चालवली. बहुतेक फुकट एडिटर एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीसाठी आतून एक्स२६४ हा एन्कोडर वापरतात. त्याला मुद्दाम काही सांगितलं नाही तर तो जास्तीत जास्त २५० चौकटींपर्यंत कीफ्रेमशिवाय जाऊ शकतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दहा सेकंद. कॅमेरा तिवईवर, पार्श्वभूमीला तोच पडदा, म्हणजे दृश्य बदललं म्हणून मध्येच कीफ्रेम टाकायचंही त्याला कारण नाही. तुम्ही कापलंत ते दोन कीफ्रेमच्या मध्ये. आवाज लगेच सुरू झाला, चित्र पुढच्या कीफ्रेमची वाट बघत बसलं.

भाच्याला विचारा, वेळ सांगणारा 'एसएस' हा पर्याय त्याने इनपुट फाइलच्या नावाआधी लिहिला की नंतर. आधी लिहिला तर एफएफएमपेग मागच्या कीफ्रेमपर्यंत सरकून तिथून उचलतो. नंतर लिहिला, आणि सोबत 'कॉपी' (पुन्हा एन्कोड न करण्याची सूचना) असेल, तर तुमच्यासारखं काळं तोंड दिसतं. (आज्ञा देवनागरीत सांगायला लागतेय, टंकताना समजून घ्या.)

थोडक्यात, एक्स्पोर्ट केलेली फाइल फेकून द्या. कॅमेऱ्यातल्या मूळ फायली शाबूत आहेत ना?

खडूस खारुताई, रविवार, सकाळी ९:०२

कार्ड फॉरमॅट करायच्या आधी मूळ फायली दोन ठिकाणी ठेवा. हे कुणीच आधी सांगत नाही, धागा शंभर प्रतिसादांवर गेला की सांगतात.

आणि मंडळाची परवानगी आहे ना? नाटक त्यांचं आहे, कॅमेरा तुमचा असला तरी.

सुरंगी, रविवार, सकाळी १०:२०

@अभियंता, भाच्याने नंतर लिहिलं होतं! आता तो फोन उचलत नाहीये.

@खारुताई, मागणी मालकांचीच आहे, आणि बारा मिनिटांपलीकडे काही कुठे टाकणार नाही. मूळ फायली कार्डावर आहेत, लॅपटॉपवरही घेतल्यात. तिसरी प्रत आज संध्याकाळी.

पण त्या दोन फायलींच्या सांध्याचं काय? टक् कुठून आला?

जुनाट, रविवार, दुपारी १२:४५

ताई, हा प्रश्न माझ्या काळातला आहे, म्हणून बोलतो. मी व्हर्च्युअलडब वापरून एव्हीआय फायली कापायचो तेव्हापासून एकच मंत्र पाठ आहे: व्हिडिओच्या मेनूत 'डायरेक्ट स्ट्रीम कॉपी'. तो पर्याय निवडायचा विसरलात की हार्डडिस्क भरून जायची, कारण न दाबलेला व्हिडिओ बाहेर पडायचा. एकदा एका मुंजीने माझी ४० जीबीची डिस्क गिळली होती.

तुमचा कॅमेरा एव्हीसीएचडी पद्धतीचा. हे कॅमेरे २ जीबी झाले की फाइल तोडतात, पण तोडताना "आता वाक्य पूर्ण होऊ दे" असं काही बघत नाहीत. आवाजाचा तुकडा अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. दोन फायली स्वतंत्र समजून एडिटरमध्ये शेजारी ठेवल्या की त्या अर्धवट तुकड्यांचा भुगा होतो. तोच तुमचा टक्.

उपाय सोपा आहे. एमटीएस हा ट्रान्स्पोर्ट स्ट्रीम आहे, म्हणजे मुळात प्रसारणासाठी आखलेला प्रकार. नळाच्या पाण्यासारखा. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला जसंच्या तसं चिकटवलं तरी चालतं. विंडोजच्या काळ्या खिडकीत कॉपी आज्ञेला 'बी' हा पर्याय लावून, दोन्ही फायलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह, शेवटी नव्या फाइलचं नाव. लिनक्सवर कॅट ही आज्ञा. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर टीएसमक्सर नावाचं फुकट साधन आहे. त्यात पहिली फाइल 'ॲड' करायची आणि दुसरी 'जॉइन'ने जोडायची. दुसरीही 'ॲड'नेच घेतलीत तर ती मागे न लागता समांतर लागते, म्हणून बटण बघून दाबा.

हे एमपी४ फायलींना करू नका. एमपी४मध्ये कुठली चौकट कुठे आहे याची अनुक्रमणिका असते. दोन फायली नुसत्या चिकटवल्या तर प्लेअर पहिल्या फाइलची अनुक्रमणिका वाचतो आणि ती संपली की नाटक संपलं म्हणतो.

तर्री, रविवार, दुपारी १:१०

"एका मुंजीने डिस्क गिळली" हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

जर्सीकर, रविवार, रात्री ९:३०

जुनाटकाका, याच विषयात माझी थोडी घुसखोरी. आमच्या लग्नाची डीव्हीडी, २००५ची. भारतातून येताना आईने बॅगेत घातली. व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये एक-एक जीबीच्या पाच व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीच्या व्हिडिओ फायली, आहेत. फक्त मंगलाष्टकं कापायची आहेत. मी पूर्वी एकदा कन्व्हर्ट केलं तर नवरदेव, म्हणजे मी, प्रत्यक्षाहून बराच रुंद दिसत होतो. बायको म्हणते की नाही, तसाच होतास.

जुनाट, रविवार, रात्री १०:०५

रुंदीची जबाबदारी बायकोच्या आणि डीव्हीडीच्या दोघांच्या माथी मारता येईल. भारतातली डीव्हीडी म्हणजे पाल ही इथल्या टीव्हीची पद्धत, ७२० बाय ५७६ ठिपके. यातले ठिपके चौकोनी नसतात. हे चित्र दाखवताना ४:३ करायचं की १६:९, हे फाइलमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. कन्व्हर्टरने ते वाचलं नाही की माणसं फुगतात किंवा काकडीसारखी होतात. हँडब्रेक हा फुकट कन्व्हर्टर ते आपोआप सांभाळतो.

पण तुला कन्व्हर्ट करायची गरजच नाही. डीव्हीडीच्या एमपीईजी-२मध्ये पालला १५ चौकटींच्या आत पुढची कीफ्रेम यावीच लागते, म्हणजे ०.६ सेकंद. "शुभमंगल सावधान"च्या आधी अर्धा सेकंद जास्तीचा आला तर कोणाचं काही बिघडत नाही. एव्हीडीमक्स या फुकट साधनात पहिली मोठी व्हीओबी उघड. तो विचारेल, याच क्रमाच्या पुढच्या फायलीही घेऊ का, हो म्हण. डावीकडे व्हिडिओ आणि आवाज दोन्हींना 'कॉपी' ठेव, खाली कंटेनर, म्हणजे फाइलचा बाहेरचा डबा, एमकेव्ही. वरच्या-खालच्या बाणाच्या कळांनी कीफ्रेमवरून कीफ्रेमवर उडी मारता येते. सुरुवातीला ए लाव, शेवटी बी, आणि सेव्ह कर.

डबा बदलला, भाजी तीच. पुन्हा शिजवलेली नाही.

खडूस खारुताई, रविवार, रात्री १०:३०

प्रत्येक तांत्रिक धाग्यावर डबा आणि भाजी येतेच का? उपमा खायला बरा असतो, द्यायला नको.

पण एक महत्त्वाचं कुणी बोललं नाही. अभियंत्यांनी सांगितलेली 'मागच्या कीफ्रेमपर्यंत सरकण्या'ची युक्ती एमपी४ला लावली तर नको असलेला भाग फाइलमधून जात नाही. तो फाइलमध्येच राहतो, फक्त "इथून दाखवायला सुरू कर" अशी सूचना सोबत असते. काही प्लेअर ती पाळतात, काही पाळत नाहीत. मी एका कार्यक्रमाची चित्रफीत अशी कापून नातेवाइकांच्या गटात टाकली. माझ्या फोनवर सुरुवात गणेशवंदनेने होत होती. मावशीच्या टीव्हीवर त्याआधीचे चार सेकंदही दिसले, ज्यात मी त्याच मावशीच्या साडीबद्दल बोलत होते.

कापलेलं खरंच गेलं पाहिजे असेल तर तो तुकडा पुन्हा एन्कोड करा, किंवा नको त्या भागाच्या पुढच्या कीफ्रेमवर कापा.

बिनकामाचा अभियंता, रविवार, रात्री ११:००

खारुताई, एकदम मान्य. हे मी सांगायला हवं होतं. साडीचं वाईट वाटलं.

काळाचौकोन, सोमवार, सकाळी ८:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुरंगी, सोमवार, रात्री ८:५५

मंडळी, टक् गेला! टीएसमक्सरने सोळावी आणि सतरावी जोडली. सव्वाचार जीबीची फाइल, चार मिनिटांत. सांध्यावर कान लावून पाच वेळा ऐकलं, मृदंग अखंड वाजतोय.

मग लॉसलेसकट या पुन्हा एन्कोड न करता कापणाऱ्या साधनात युद्धाच्या आधी दहा सेकंद आणि नंतर दहा सेकंद सोडून कापलं. आय दाबून सुरुवात, ओ दाबून शेवट. पूर्वदृश्य जरा अडखळत होतं, पण पुढच्या-मागच्या कीफ्रेमवर जायची बटणं आहेत ती उपयोगी पडली. एका दाबात जेमतेम अर्धा सेकंद पुढे जातं. म्हणजे मूळ फाइलमध्ये कीफ्रेम दाट आहेत, आणि माझ्या एक्स्पोर्टमध्ये विरळ होत्या. आत्ता डोक्यात प्रकाश पडला. तयार फाइल १.६ जीबी.

आता दोन अडचणी उरल्या. एक, आडव्या रेघा अजून आहेत. तलवार फिरली की तिला कंगव्यासारखे दात येतात. दोन, मालकांना फोनवर हवंय, आणि १.६ जीबी त्यांच्या फोनमध्ये मावणार नाही. त्यात आधीच नातवाचे चार हजार फोटो आहेत.

बिनकामाचा अभियंता, सोमवार, रात्री १०:३०

आता पुन्हा एन्कोड करायची वेळ आली. इथे ते योग्य आहे, आणि एकदाच होणार आहे. ही १.६ जीबीची फाइल जपून ठेवा. पुढे मालकांना वेगळा तुकडा, वेगळा आकार हवा असेल तर दर वेळी हिच्यापासूनच सुरू करायचं, आधी बारीक केलेल्या फाइलपासून नव्हे.

आधी दातांचं. तुमचा कॅमेरा इंटरलेस्ड आहे. तो सेकंदाला ५० अर्धी चित्रं घेतो: एकदा विषम ओळी, मग सम ओळी, एक पंचविसांश सेकंदात दोन्ही. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्या आळीपाळीनेच रंगत, म्हणून कधी खटकलं नाही. लॅपटॉप दोन्ही एकदम दाखवतो. मधल्या एक पन्नासांश सेकंदात तलवार सरकलेली असते, म्हणून सम ओळींत ती एका जागी आणि विषम ओळींत दुसऱ्या जागी. स्थिर पडद्यावर दात दिसत नाहीत ते यामुळेच. तुमच्या पहिल्या एक्स्पोर्टमध्ये हे दात चित्राचाच भाग म्हणून कोरले गेले. म्हणून ती फाइल फेका म्हटलं.

हँडब्रेक घ्या, अधिकृत संकेतस्थळावरूनच. २०१७च्या मे महिन्यात त्यांच्या एका मिरर सर्व्हरवर मॅकची फाइल बदलून कुणीतरी ट्रोजन घुसवला होता, तेव्हापासून मी चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे कळण्यासाठीचा आकडा) ताडून बघतो. हँडब्रेक नुसतं कापत नाही, चित्र नेहमी पुन्हा एन्कोडच करतो, म्हणून आत्तापर्यंत मी त्याचं नाव काढलं नव्हतं.

फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करा, प्रकार यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ, आणि त्यात 'बॉब'. बॉब म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र, सेकंदाला ५०. फ्रेमरेटमध्ये ५० आणि 'कॉन्स्टंट' निवडा. साधं डीइंटरलेस केलंत तर २५ राहतात आणि युद्ध थोडं झटके देत दिसतं. दशावतारातल्या गिरक्या ५०मध्येच बघाव्यात.

व्हिडिओत एक्स२६४, गुणवत्तेचा आरएफ २१, एन्कोडर प्रीसेट 'स्लो'. आरएफ म्हणजे आकार किती ते ठरवत नाही, चित्राचा दर्जा कुठे ठेवायचा ते ठरवतं. आकडा कमी तर दर्जा जास्त, फाइल मोठी. साधारण सहाने कमी केलात की फाइल दुपटीच्या आसपास जाते. प्रीसेटचा हिशोब वेगळा: सावकाश प्रीसेट जास्त डोकं लावतो आणि तेवढ्याच दर्जाची फाइल लहान करून देतो. रात्री लावून झोपा.

वेळेच्या जागी 'सेकंद' निवडून नेमकी सुरुवात आणि शेवट द्या. पुन्हा एन्कोड होतंय म्हणजे इथे कीफ्रेमचं बंधन नाही, हव्या त्या चौकटीवर कापा. आवाज एएसी करा, मूळचा एसी-३ आवाज काही फोन वाजवत नाहीत. 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या चौकोनात खूण करा, त्याने अनुक्रमणिका फाइलच्या पुढे येते आणि पूर्ण उतरण्याआधी बघता येतं.

तर्री, सोमवार, रात्री ११:१५

एवढं कशाला? माझ्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर लावा, बारा मिनिटं दोन मिनिटांत होतात. आम्ही नागपूरकर रात्रभर वाट बघणारे नाही, भाऊ.

बिनकामाचा अभियंता, सोमवार, रात्री ११:४०

होतात. कार्डाचा एन्कोडर घाई करतो, त्यामुळे तेवढाच दर्जा हवा तर फाइल मोठी होते, किंवा तेवढ्याच आकारात चित्र पातळ होतं. रोज तासाभराचं लेक्चर टाकायचं असेल तर मीही तेच वापरीन. काकांचा मृदंग वर्षातून एकदा वाजतो, त्याला एक रात्र द्यायला हरकत नाही.

तर्री, सोमवार, रात्री ११:४४

वर्षातून एकदा नाही हो, जत्रांच्या हंगामात रोज रात्री वाजत असेल. पण मुद्दा कळला.

सुरंगी, मंगळवार, सकाळी ७:०५

रात्री लावलं होतं. दात गेले! तलवारीचं पातं एकसंध दिसतंय, गिरकीत झगा फिरतो तो तर मी जत्रेत बसूनही एवढा नीट पाहिला नव्हता.

पण फाइल ९०० एमबी झालीय. एवढी कशी?

बिनकामाचा अभियंता, मंगळवार, सकाळी ९:४०

अंधार. मागच्या काळ्या पडद्यावर थांबून नीट बघा, मुंग्या वळवळताना दिसतील. कमी उजेडात कॅमेरा चित्र ओढून ताणून उजळ करतो आणि त्यातून कण तयार होतात. आपल्या डोळ्याला तो पडदा स्थिर आहे, एन्कोडरला मात्र प्रत्येक चौकटीत लाखो मुंग्या नव्या जागी दिसतात. त्यांना सांभाळण्यात बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाट्याला येणारे बिट, जातो. तुमची पहिली एक्स्पोर्ट मूळ तुकड्याहून मोठी निघाली तीही यामुळेच. नसलेला दर्जा वाढत नाही, फक्त मुंग्या जास्त निगुतीने जपल्या जातात.

फिल्टर्समध्ये डीनॉइज आहे. त्यात एचक्यूडीएन३डी 'लाइट' लावून बघा. जोरात लावू नका, चेहऱ्यावरचा रंग मेणासारखा दिसायला लागतो. आधी तीस सेकंदांचा तुकडा करून पाहा.

जुनाट, मंगळवार, सकाळी ११:२०

आणि मालकांचा फोन भरलेला असेल तर आकार आधी ठरवून मग बिटरेट काढायचा, उलटा हिशोब. समजा १०० एमबी हवी. १०० एमबी म्हणजे ८०० मेगाबिट. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ११०० किलोबिटच्या थोडं वर. आवाजाला १२८ सोडा, चित्राला ९८० राहतात. एवढ्यात १०८०ची उंची आणि ५० चौकटी पेलणार नाहीत, ७२० करा आणि चौकटी २५. 'टू-पास' चालू ठेवा: पहिल्या फेरीत तो नाटक बघून घेतो, दुसऱ्या फेरीत शांत संवादाला कमी आणि युद्धाला जास्त वाटप करतो.

आमच्या वेळी ७०० एमबीच्या सीडीत सिनेमा बसवताना हाच भागाकार कागदावर करायचो.

जर्सीकर, मंगळवार, रात्री ८:१५

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नका पाठवू, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते स्वतः पुन्हा दाबतं आणि तुमची रात्र वाया. डॉक्युमेंटला २ जीबीपर्यंत चालतं.

अवांतर: मंगलाष्टकं कापली, अर्ध्या मिनिटात. रुंदीबद्दल बायकोचं म्हणणं बरोबर निघालं.

सुरंगी, मंगळवार, रात्री ९:३०

शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. भाच्याने समोरून मोबाइलवर युद्धाची पहिली तीन मिनिटं घेतली होती. राक्षसाचा चेहरा त्यात फार छान आलाय. ती मध्ये पेरावी म्हटलं, तर एडिटरमध्ये आवाज सुरुवातीला जुळतो आणि तिसऱ्या मिनिटाला झांज हाताच्या आधी वाजते.

बिनकामाचा अभियंता, मंगळवार, रात्री १०:१०

मोबाइल सेकंदाला ठरावीक चौकटी घेत नाही. अंधार पडला की कमी, उजेड आला की जास्त. याला बदलता फ्रेमरेट म्हणतात. प्लेअर ते निभावून नेतो, बरेच एडिटर सगळ्या चौकटी समान अंतराने मांडतात आणि चित्र हळूहळू आवाजापासून सरकतं. ती क्लिप आधी हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट' फ्रेमरेटने काढा, आरएफ १६ वगैरे, आकाराची पर्वा न करता, कारण ती मधली पायरी आहे. मग केडेनलाइव्ह किंवा शॉटकट या एडिटरमध्ये हँडीकॅमच्या तुकड्याच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा. जुळवायला झांजेचा एखादा एकटा ठोका शोधा. आवाजाच्या आलेखात तो सुईसारखा उभा दिसेल. दोन्ही सुया एकाखाली एक आणा. मोबाइलचा आवाज मग बंद करून टाका, हँडीकॅमचाच ठेवा.

आणि या वेळी एडिटरमधून एक्स्पोर्ट करताना डीइंटरलेस तिथेच होतंय का ते बघा, नाहीतर दात परत येतील.

खडूस खारुताई, बुधवार, सकाळी ९:१५

ताई, मोबाइलची क्लिप नकोच, असं माझं मत. एका जागेवरून अखंड दिसणारं नाटक आणि मधूनच राक्षसाचं नाक. जत्रेत आपण कुठे मान लांब करून नाक बघतो?

सुरंगी, गुरुवार, रात्री ११:२०

खारुताईंचं ऐकलं. मोबाइलची क्लिप पेरून पाहिली, झांजेची सुई जुळली, आवाज पक्का बसला, आणि तरीही बघताना जत्रेतून कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं वाटलं. काढून टाकली. भाच्याला राक्षसाचा एक फोटो करून दिला, तो खूश.

डीनॉइज लाइट लावल्यावर आरएफ २१ची फाइल ४१० एमबी झाली, मुंग्या बऱ्यापैकी बसल्या. मालकांना १०० एमबीची दिली, काकांना मोठी. ३५ जीबी आता तीन ठिकाणी आहे.

काल संध्याकाळी काकांनी लॅपटॉपवर पूर्ण बारा मिनिटं पाहिली. मांडीवर बोटं चालली होती. सांधा कुठे आला ते त्यांना कळलंही नाही. मला वाटलं, जिंकले. मग संपल्यावर म्हणाले, "शेवटची तिहाय खंय गेली?"

मी तलवार म्यान झाली तिथे कापलं होतं. मृदंग त्यानंतर चार सेकंद वाजतो, तीच तिहाय: शेवटी तीनदा वाजणारे बोल.

"तरवार थांबली म्हणान युद्ध संपना नाय गो," म्हणाले. "मृदुंग थांबाक होयो."

दहा सेकंद जास्तीचे सोडून कापलेला तुकडा आहे, त्यामुळे परत ३५ जीबीत शिरावं लागणार नाही. हँडब्रेकमध्ये शेवटची वेळ सहा सेकंदांनी पुढे केली आहे. आत्ताच लावलंय, पंखा सुरू झाला.

तर्री, गुरुवार, रात्री ११:२६

मालकांच्या १०० एमबीवाल्या फाइलचा भागाकारही परत करा मग. ७२६ सेकंद झाले.